गच्चीवरच्या रेडिओला सावली कशासाठी? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

महोदय,

विदर्भातील उन्हाळ्यात गच्चीवर आणि मनोऱ्यावर बसवलेल्या वायरलेस रेडिओंना, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बिनतारी इंटरनेट पोहोचवणाऱ्या अँटेनाधारी पेट्यांना, सावलीचे झाकण द्यावे, असे मी लिहिले होते. त्यावरची आपली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपले आक्षेप चार आहेत, असे मी समजतो. रेडिओच्या माहितीपत्रकात उणे ४० ते अधिक ७० अंश सेल्सिअस अशी मर्यादा छापलेली असते आणि नागपूर-चंद्रपूरचा पारा ४६-४७ च्या पुढे क्वचितच जातो, तेव्हा २३-२४ अंशांची मोकळीक हाताशी असताना झाकणावर खर्च करायला सांगणे म्हणजे ग्राहकाला घाबरवणे आहे, हा पहिला. मे महिन्यात लिंक, म्हणजे दोन रेडिओंमधल्या जोडण्या, तुटतात त्या विजेच्या कमी दाबामुळे, उष्णतेमुळे नव्हे, हा दुसरा. कोणाला काळजी असेलच तर त्याने उपकरण उत्तरेच्या भिंतीवर न्यावे किंवा पंखा लावलेल्या, पाणी आणि धूळ आत न येऊ देणाऱ्या आयपी ६७ दर्जाच्या डब्यात बंद करावे, हा तिसरा. आणि लेहमध्ये उणे २० अंशांत हीच उपकरणे कोणत्याही संरक्षणाशिवाय चालताना आपण पाहिली आहेत, मग आपल्याकडच्या उन्हाचे एवढे भय कशाला, हा चौथा. आपण हे सर्व स्वतःच्या कामाच्या अनुभवावरून लिहिले आहे हे उघड दिसते, आणि म्हणूनच त्याला दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

पहिल्या आक्षेपाला सर्वांत जास्त जागा देतो, कारण उरलेले तिन्ही त्याच्याच आधाराने उभे आहेत. हवामान खाते जे ४६ अंश जाहीर करते, ते जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या आणि फटींच्या झडपा असलेल्या पेटीत मोजलेले असतात. त्या पेटीत ऊन शिरत नाही आणि वारा खेळता राहतो, म्हणजे ते निव्वळ हवेचे, सावलीतले तापमान असते. माहितीपत्रकातले ७० अंशसुद्धा, वेगळे काही स्पष्ट लिहिलेले नसेल तर, उपकरणाभोवतीच्या हवेचेच असतात. उपकरण तापमान नियंत्रित करणाऱ्या कपाटात ठेवून ती मर्यादा तपासली जाते, आणि त्या कपाटात सूर्य नसतो. थोडक्यात, आपण ज्या दोन आकड्यांची वजाबाकी केली ते दोन्ही सावलीतले आहेत आणि रेडिओ मात्र उन्हात उभा आहे. उन्हाचा हिशेब मांडण्याची रीतसर पद्धत उपलब्ध आहे. ईटीएसआय या युरोपीय संस्थेच्या ईएन ३०० ०१९ या मानकात उघड्यावर राहणाऱ्या उपकरणांसाठी हवेच्या तापमानाबरोबरच दर चौरस मीटरला ११२० वॅट इतके सौर प्रारण धरलेले असते, आणि त्यातल्या ४.१ई या वर्गाची वरची मर्यादा हवेच्या ४५ अंशांचीच आहे. उन्हासह ४५ आणि उन्हाविना ७० हे आकडे एकाच मापाने मोजता येत नाहीत.

आता प्रत्यक्ष आकडेमोड करून पाहू. समजा, गच्चीवरच्या खांबाला लावलेल्या रेडिओची दर्शनी बाजू २० सेंटीमीटर रुंद आणि २५ सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे ०.०५ चौरस मीटर. रेडिओचे तोंड पश्चिमेला आहे. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास त्या उभ्या पृष्ठभागावर थेट ऊन, आकाशातून पसरलेला प्रकाश आणि गच्चीवरून परावर्तित होणारे ऊन असे सारे मिळून दर चौरस मीटरला ७५० वॅटच्या आसपास पडते. म्हणजे या एका बाजूवर साधारण ३७ वॅट. नवे पांढरे प्लास्टिक त्यातला तिसरा हिस्सा शोषते, पण दोन उन्हाळे खाल्लेले, पिवळट पडलेले आणि धुळीने माखलेले प्लास्टिक निम्मे तरी शोषते, म्हणजे सुमारे १९ वॅट. रेडिओ स्वतः वीज वापरून जी उष्णता निर्माण करतो ती ९ वॅटच्या घरात असते. सूर्य त्या पेटीला तिच्या स्वतःच्या कामाहून दुप्पट उष्णता देतो, ही गोष्ट माझ्या मते प्रत्येक जोडणी करणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवी.

ही उष्णता बाहेर टाकायला पेटीजवळ सर्व बाजू धरून ०.१३ चौरस मीटर पृष्ठभाग आहे, आणि मंद वाऱ्यात दर चौरस मीटरमागे, दर अंशामागे सुमारे १० वॅट बाहेर पडतात. या हिशेबाने उन्हाचे १९ वॅट पेटीला हवेपेक्षा आणखी १५ अंशांनी तापवतात. तापलेल्या स्लॅबवरची किंवा पत्र्यावरची हवा हवामान खात्याच्या पेटीतल्या हवेपेक्षा तीन अंशांनी गरम धरली तरी ४६ अधिक ३ अधिक १५, म्हणजे ६४ अंश होतात. माहितीपत्रकाच्या भाषेत बोलायचे तर तो रेडिओ ६४ अंशांच्या हवेत काम करत आहे. आपली २४ अंशांची मोकळीक सहा अंशांवर आली, आणि हे सारे उपकरण मोकळ्या खांबावर, वाऱ्यात असताना. तेच भिंतीला चिकटवून लावले, मागची हवा कोंडली, किंवा वारा अगदीच पडला, तर तेही सहा अंश उरत नाहीत. मी धरलेले आकडे आपण बदलून पाहावेत; पेटी लहान घ्या, ऊन कमी धरा. मोकळीक आठ अंशांची होईल किंवा चारची, पण २४ ची होणार नाही.

यावर आपण म्हणाल की चार अंश का होईना, मर्यादेच्या आत तर आहोत. येथे माझ्या मूळ म्हणण्याचा गाभा आहे, आणि लेखात तो पुरेसा विस्ताराने आला नव्हता, म्हणून येथे मांडतो. माहितीपत्रकातली मर्यादा उपकरण त्या तापमानाला चालू राहील एवढेच सांगते. ते किती वर्षे चालू राहील हे सांगत नाही. रेडिओच्या आत वीजपुरवठ्याच्या भागात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे छोटे भाग) असतात आणि त्यांच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो. त्यांच्या आयुष्याचा सर्वमान्य ठोकताळा असा की दर १० अंशांच्या वाढीला आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांना २००० तास टिकणारा साधा कपॅसिटर ८५ अंशांना ८००० तास टिकतो आणि ५० अंशांना ९० हजारांहून थोडे अधिक तास.

विदर्भात मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ९० दिवस, रोज सात तास, रेडिओची स्वतःची उष्णताही धरून पेटीच्या आतले तापमान ८५ अंश राहते आणि वर्षाचा उरलेला सगळा वेळ सरासरी ५० अंश, असे धरू. उन्हाळ्यातले ते ६३० तास कपॅसिटरच्या आयुष्याचा जवळजवळ आठ टक्के भाग संपवतात. वर्षातले उरलेले ८१३० तास मिळून संपवतात नऊ टक्के. केवळ तीन महिन्यांच्या दुपारी बाकीच्या साऱ्या वर्षाइतकीच झीज करतात! अशा रेडिओचे आयुष्य सहा वर्षांच्या आत येते. आता फक्त त्या दुपारी सावली देऊन १५ अंश कमी केले तर उन्हाळ्याचा वाटा तीन टक्क्यांच्या खाली जातो आणि आयुष्य साडेआठ वर्षांच्या आसपास पोहोचते. ज्या उपकरणात याहून चांगल्या प्रतीचे कपॅसिटर आहेत ते दोन्ही परिस्थितींत जास्त टिकेल, पण प्रमाण तेच राहील. ग्राहकाला घाबरवणे माझ्या मनात नव्हते. झाकणाच्या खर्चापोटी त्याला अडीच वर्षे मिळतात, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे, इतकेच.

शिवाय रेडिओ हा साखळीतला सर्वांत कणखर दुवा आहे, हे आपल्या प्रतिक्रियेत सुटले आहे. त्याला डेटाच्याच केबलमधून वीज पुरवणारा पीओई अडॅप्टर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या, घरातल्या वापरासाठी बनवलेला असतो, आणि आपण सगळेच तो जिन्याच्या टोपीखाली, पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या लोखंडी पेटीत ठेवतो. मेच्या दुपारी त्या पेटीत ४० अंश ही सकाळची आठवण असते. ७० अंशांचा रेडिओ शाबूत राहतो आणि ४० अंशांचा अडॅप्टर जातो, आणि तक्रारवहीत मात्र ‘रेडिओ बंद’ अशी नोंद होते.

विजेच्या दाबाबद्दल आपण म्हणता त्यात तथ्य आहे, पण कार्यकारण थोडे वेगळे आहे. आजचे जवळपास सर्व अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. गावातला दाब १७० वर आला म्हणून लिंक तुटण्याचे कारण नाही. दाब कमी झाला की तेवढीच शक्ती देण्यासाठी अडॅप्टर जास्त प्रवाह ओढतो आणि स्वतः अधिक तापतो, म्हणजे आधीच गरम पेटीत असलेल्या अडॅप्टरला दाबाचा फटका उष्णतेच्याच वाटेने बसतो. केबलचेही तसेच आहे. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे २० अंशांवरून ६० अंशांवर गेलेल्या केबलचा रोध १६ टक्क्यांनी वाढलेला असतो. खऱ्या तांब्याच्या केबलमध्ये हे खपून जाते. पण स्वस्त म्हणून घेतलेली, तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची केबल असेल तर तिचा रोध मुळातच दीडपटीहून अधिक असतो, आणि २४ व्होल्टच्या जोडणीत लांब अंतरावर रेडिओपर्यंत पोहोचणारा दाब काठावर येतो. गरम केबलमध्ये सिग्नलही जास्त क्षीण होतो: ४० अंशांपर्यंत दर अंशाला ०.४ टक्के आणि त्यापुढे ६० अंशांपर्यंत ०.६ टक्के. म्हणून २० अंशांना ९० मीटर चालणारी केबल ६० अंशांना ७५ मीटरच धरावी लागते. जिवती किंवा सिरोंच्याच्या एखाद्या गावात गिगाबिटची (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाची) लिंक दुपारी आपोआप १०० मेगाबिटवर उतरते आणि रात्री पूर्ववत होते, तेव्हा मी आधी केबलची लांबी आणि तिचा मार्ग पाहतो.

कारण दाब की उष्णता, हे वेळेवरून बऱ्यापैकी ओळखता येते. कूलर आणि वातानुकूलन यंत्रांमुळे दाब सायंकाळी आणि रात्री उशिरापर्यंत पडलेला राहतो. उन्हाचा मार मात्र पश्चिमेला तोंड असलेल्या उपकरणावर साडेतीन ते साडेपाच या काळात सर्वाधिक असतो. अंधार पडल्यावर, दाब अजून कमीच असताना लिंक सावरत असेल तर दोष विजेला देता येणार नाही. आपल्याकडच्या नोंदी या दृष्टीने एकदा चाळाव्यात, अशी विनंती आहे.

उत्तरेच्या भिंतीचा सल्ला उत्तम आहे, पण तो युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर. नागपूर सुमारे २१ अंश उत्तरेला आहे. मेच्या अखेरच्या आठवड्यात तेथे सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो माध्यान्हीदेखील किंचित उत्तरेलाच असतो, आणि उगवतो-मावळतो तो तर वीसहून अधिक अंश उत्तरेकडे सरकून. त्यामुळे ज्या दिवसांत सावलीची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच दिवसांत उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ तिरके ऊन येते. चार भिंतींपैकी तीच सर्वांत सुसह्य, हे मी मान्य करतो. परंतु अँटेनेने कोणत्या दिशेला पाहावे हे पलीकडचे गाव ठरवते, आपण नव्हे. आणि तापलेली भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते, हेही विसरता येत नाही.

आयपी ६७ डब्याविषयी मात्र माझे मत ठाम आहे: रेडिओ त्यात कोंडू नये. आयपी दर्जा पाणी आणि धूळ यांच्याबद्दल बोलतो, तापमानाबद्दल एक अक्षरही नाही. पूर्ण बंद डब्यात पंखा लावला तर तो आतलीच गरम हवा फिरवतो. डब्याला भोके पाडून पंखा लावला तर तो आयपी ६७ राहत नाही, आणि चंद्रपूर-घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीत त्या पंख्याची जाळी किती दिवसांत बुजते हे आपणच जाणता. त्याहून घातक प्रकार पहिल्या वळवाच्या सरीत घडतो. उन्हाने ६५ अंशांवर तापलेली बंद पेटी थंड पावसाने काही मिनिटांत २५ अंशांवर आली तर आतल्या हवेचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. हा फरक सव्वा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाएवढा आहे. बाहेरून पाणी वाहत आहे आणि आतून एवढी ओढ आहे, अशा वेळी जुने झालेले गॅस्केट (झाकणाची रबरी पट्टी) किंवा नीट न आवळलेले केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथली आवळपट्टी) पाणी आत घेतेच. जूनमध्ये उघडलेल्या पेट्यांत कनेक्टर हिरवे पडलेले दिसतात त्याचे हे एक मोठे कारण आहे. हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी सूक्ष्मछिद्री चकती बसवलेली पेटी मिळते. पेटी वापरणे भागच असेल तर तशीच घ्यावी, पांढरी घ्यावी, आणि तिलाही वरून सावली द्यावी.

लेहचा आपला अनुभव खरा आहे आणि तो माझ्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. थंडीत चालू उपकरण स्वतःच्या ९ वॅटवर स्वतःला ऊब देते आणि कपॅसिटरची झीज जवळजवळ थांबते. चालू राहिलेल्या रेडिओला थंडी मानवते. अडचण येते ती रात्री वीज गेल्यावर, कारण गारठून गेलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि पहाटे वीज आल्यावर उपकरण उठत नाही किंवा पुन्हा पुन्हा उठून बसते. दुसरी अडचण बॅटरीची. शून्याखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचते आणि ती कायमची खराब होते, म्हणून तेथील सौर संचांत बॅटरीला उबेची व्यवस्था लागते. आणि ऊन लेहमध्येही सौम्य नाही. साडेतीन हजार मीटर उंचीवर ऊन अधिक प्रखर असते, तर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे वारा उष्णता कमी वाहून नेतो. दुपारी तापणे आणि रात्री गोठणे या रोजच्या ताणाने तेथे सोल्डरचे सांधे थकतात. म्हणजे सावलीचा उपयोग तेथेही आहे.

२०१८ मध्ये रेडिओलहरींचे ५ गिगाहर्ट्झचे पट्टे बाहेरच्या वापरासाठी परवानामुक्त झाल्यापासून लहान शहरांत आणि गावांत असे रेडिओ बसवणारे अनेक स्थानिक व्यावसायिक उभे राहिले. त्यांच्या एकेका खांबावर शाळा, आरोग्य केंद्र, सेवा केंद्र अवलंबून असते. त्या खांबावरचा रेडिओ बंद पडतो तो नेमका मेमध्ये, आणि तो बदलायला एखाद्या तरुण कामगाराला भर दुपारी हात न लावण्याजोग्या गरम लोखंडावर चढावे लागते. मी झाकणाचा आग्रह धरतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उपकरणाच्या आधी तो मुलगा असतो. त्याची एक फेरी वाचली तरी हा खर्च मला सार्थकी लागलेला वाटतो.

आणि खर्च फार नाही. पाठीमागच्या बाजूला आणि माथ्यावर पांढऱ्या रंगाचा अॅल्युमिनियमचा पत्रा चालतो; अँटेनेच्या तोंडासमोर मात्र धातू मुळीच नको, तेथे अपारदर्शक पांढऱ्या प्लास्टिकचाच पातळ पडदा लावावा. पडदा आणि पेटी यांच्यात चार-पाच सेंटीमीटरची जागा सोडावी आणि वर-खाली ती उघडी ठेवावी, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते आणि खालून नवी येते. वळवाच्या वादळात हे झाकण वारा धरते, त्यामुळे ते रेडिओच्या क्लँपला न लावता खांबाला स्वतंत्र पट्टीने आवळावे. नाहीतर अँटेनेची दिशा फिरते. लावल्यावर सिग्नलची पातळी आधीच्या नोंदीशी ताडून पाहावी. आणि दरवर्षी फेब्रुवारीअखेर पेटीवरची धूळ पुसावी. एवढ्याने पेटी शोषत असलेल्या उन्हाचा बराच भाग कमी होतो, आणि त्याला काहीच खर्च येत नाही.

शेवटी आपली सूचना, की प्रत्यक्ष मोजणी दाखवा. ती मला मनापासून मान्य आहे. रेडिओच्या आज्ञावलीत दिसणारे तापमान बहुधा चिपवरचे असते, त्यामुळे ते ८० दिसले म्हणून घाबरू नये आणि हवेच्या मर्यादेशी त्याची तुलनाही करू नये. त्याचा उपयोग फक्त आधी आणि नंतर यांतला फरक पाहायला करावा. हवेचे तापमान मोजणारा सेन्सर सावलीत आणि वाऱ्यात हवा. २९ मे २०२४ रोजी दिल्लीजवळच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली आणि तपासणीत तो सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले, तेव्हा आपल्या साध्या सेन्सरची आधी खात्री करून घेतलेली बरी. एकाच खांबावर, एकाच दिशेला तोंड असलेले दोन सारखे रेडिओ आपल्याकडे असतील तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांतल्या एकालाच झाकण लावावे आणि जूनपर्यंत दोघांचे तापमान दर दहा मिनिटांनी नोंदवावे. केबल, अडॅप्टर आणि त्यांची जागा मात्र दोघांसाठी सारखीच ठेवावी. आपण त्या नोंदी पाठवल्यात, तर त्या माझ्या आकडेमोडीला दुजोरा देणाऱ्या असोत वा नसोत, मी त्या येथे संपूर्ण प्रसिद्ध करीन.